बिजलूमामाची गाडी

आमच्या घाटनांदुरात माणसाचं एक नाव दाखल्यावर असतं आणि एक लोकांच्या तोंडात असतं. दाखल्यावरचं नाव मास्तर घेतो, तहसीलचा शिपाई घेतो आणि माणूस गेल्यावर श्रद्धांजलीचा बॅनर छापणारा घेतो. बाकी सगळा जन्म तोंडातल्या नावावर निघतो. माझ्या गिरणीत दळण घेऊन येणाऱ्यांत एक 'मेजर' आहे, त्यानं शाळेच्या कवायतीतही कधी पाय उचलला नव्हता. एक 'डिझेल' आहे. तो डिझेल कशावरून झाला हे त्याच्या आईलाही सांगता येत नाही. असं नाव एकदा चिकटलं की गोचिडासारखं सुटत नाही, आणि आम्हाला त्यात मोठी गंमत वाटते. मलाही वाटायची. मागच्या हिवाळ्यातल्या एका दुपारपासून वाटत नाही.

मी संगीता. स्टँडसमोर पिठाची गिरणी चालवते. बी.ए. झालेली आहे आणि तोंडाची फटकळ आहे, या दोन्ही गोष्टी गावाला सारख्याच खटकतात. माझ्या दारातून रोज सकाळी शाळेची एक गाडी सुटते. तीनचाकी ॲपे, मागं समोरासमोर दोन बाकडी, दोन्ही बाजूंना निळ्या रेक्झिनचे पडदे. ती गाडी बिजलूची. अंगानं किडकिडीत माणूस, पन्नाशी ओलांडलेला. डावा गुडघा वाकत नाही, त्यामुळं चालताना तो पाय बाजूनं फिरवून पुढं टाकतो. गावातली पोरं अंबाजोगाईच्या बाजूच्या इंग्रजी शाळेत न्यायची आणि दुपारी परत आणायची, हे त्याचं काम. पोरं त्याला बिजलूमामा म्हणायची.

गाडी भरली की तो मागं येऊन उभा राहायचा आणि पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आवाज काढायचा, "सब आ गए?"

पोरं ओरडायची, "आ गएऽऽ!"

"दरवाजा बंद!"

की दोन्हीकडचे पडदे धाडकन खाली. आत पोरांचा एकच गलका. गाडीला दरवाजा कधीच नव्हता, पण त्या पडद्यालाच सगळे दरवाजा म्हणायचे. हे वाक्य कानावर पडलं की मी गिरणीचा पट्टा चालू करायची. घड्याळाकडं बघायची गरज पडायची नाही.

हे नाव आणि हे वाक्य, दोन्ही आलं एका जुन्या मालिकेतून. 'ध्रुवयान' म्हणून हिंदी मालिका रविवारी सकाळी टीव्हीवर लागायची, आम्ही लहान होतो तेव्हा. अवकाशात भरकटलेलं एक यान, त्यात पृथ्वीवरची काही मुलं आणि त्यांना सांभाळणारा पत्र्याचा यंत्रमानव बिजलू. यान पुठ्ठ्याचं होतं आणि बिजलूच्या अंगाला चांदीचा कागद होता, हे आज कळतं. तेव्हा मात्र मी अंबाजोगाईला माहेरी शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसून श्वास रोखून बघायची. कुठल्याही ग्रहावरून निघताना बिजलू आधी विचारायचा, सब आ गए? सगळी मुलं आत आल्याशिवाय तो दार लावायचा नाही. बाहेर कितीही राक्षस असोत, त्याचं ते दार लागलं की आपण वाचलो, असं ओट्यावर बसलेल्या आम्हालाही वाटायचं.

घाटनांदुरात तेव्हा ग्रामपंचायतीचा एकच टीव्ही होता. त्याची किल्ली सुंदररावांकडं असायची. सुंदरराव म्हणजे तेव्हाचे पाटलांचे कॉलेजात जाणारे चिरंजीव, पुढं सरपंच झाले, आता आबा. वारा आला की छपरावरची अँटेना फिरायची आणि पडद्यावर मुंग्या यायच्या. मग कुणीतरी वर चढून ती अंबाजोगाईच्या टॉवरकडं वळवून धरायची. वर कुणाला चढवायचं हे गावात विचारावं लागत नव्हतं. वस्तीतल्या सरवद्यांचा आश्रुबा चढायचा. खालून सुंदरराव ओरडायचे, "आलं, आलं! आता हलू नको बे!" आणि पोरगं मालिका संपेपर्यंत अँटेना धरून उभं राहायचं. एका रविवारी उतरताना त्याचा पाय सटकला आणि तो फरशीवर पडला. गुडघा बसवला कुणा हाडवैद्यानं, तो तसाच ताठ राहिला. महिन्या-दोन महिन्यांनी तो पाय फिरवत पंचायतीसमोरून चालला तेव्हा सुंदरराव म्हणाले, "आरं, ह्यो तर बिजलू झाला!" सगळं अंगण हसलं. तोही हसला. आश्रुबा तिथं संपला आणि बिजलू सुरू झाला.

पुढं त्याचं लग्न झालं, भामाबाई आली, ती 'बिजलूची भामा' झाली. लेक अंजली झाली, ती शाळेत 'बिजलूची पोरगी' म्हणून मोठी झाली आणि लग्न होऊन गेली. त्यानं गाडी घेतली तेव्हा पेंटरनं मागच्या पत्र्यावर मोठ्या अक्षरांत 'बिजलू' लिहिलं आणि शेजारी चांदीच्या रंगात आपल्या मनानंच एक यंत्रमानव काढला. खरं नाव मला माहीत असायचं कारण नव्हतं. पण एकदा आमच्या बचत गटाच्या बायकांचं जेवण होतं आणि प्रत्येकीला नाव घ्यायला लावलं होतं. भामाबाई लाजून लाजून अर्धी झाली आणि मग म्हणाली,

"शाळेच्या गाडीला लावला निळा निळा पडदा,
आश्रुबाचं नाव घेते, आता तरी जेवायला वाढा."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एक म्हणालीच, "आश्रुबा कोण गं?" मग खूप हशा झाला. नवऱ्याचं नाव घेतलं आणि कुणाला कळलं नाही, यावर आम्ही जेवणभर हसलो.

तर मागच्या दिवाळीनंतर नवं 'ध्रुवयान' आलं. टीव्हीवर नाही, मोबाइलवर. आठ दिवसांत गावात दुसरा विषय राहिला नाही. माझ्या गिरणीत तर रोज सभा. सुंदरराव आबा दळणाच्या डब्यावर बसून असे तळतळायचे, की कुणी त्यांच्या शेताचा बांध कोरला असावा. "आमच्या बिजलूचं वाटोळं केलं ह्यांनी! आरं तो लेकरं सांभाळणारा. त्याला खुनी करून ठिवला!" त्यांचा मुलगा बजरंग म्हणायचा, "आबा, तुमचा बिजलू म्हंजी तेलाचा डबा हुता. ह्यो कसा खराखुरा वाटतो. लई भारी काढलाय." त्यानं ती मालिका पुन्हा पुन्हा बघितली होती आणि व्हॉट्सॲपच्या स्टेटसला नव्या बिजलूचे लाल डोळे ठेवले होते. मेजरचं म्हणणं पडलं की पैसे खर्च केलेत पण राम नाही. डिझेल म्हणाला, राम कशाला पायजे, भीती वाटली ना, मग झालं.

मी खोटं कशाला बोलू, मला आवडली. आवडली म्हणजे भीती वाटली. नवा बिजलू पत्र्याचा नाही. त्याला माणसाचा चेहरा आहे, गुळगुळीत. तो हसतो. तो मुलांना आत घेतो, हळू आवाजात विचारतो, सब आ गए? मुलं विश्वासानं हो म्हणतात. दरवाजा बंद, म्हणतो, दार सरकतं आणि बंद होता होता त्याचे डोळे लाल होतात. आपण बाहेरच राहतो. आत काय झालं ते दाखवतच नाहीत, फक्त आवाज येतो. तिथंच शेवटचा भाग संपतो. पुढचं म्हणे पुढच्या वर्षी. ती मुलं जगली का मेली कुणालाच माहीत नाही. ते बघितल्यावर मी दोन दिवस गिरणीच्या मागच्या खोलीत दिवा लावल्याशिवाय गेले नाही.

लहान मुलांसाठी नाही, असं सुरुवातीला लिहून येतं. ज्या घरात एकच मोबाइल आहे तिथं त्या पाटीला कोण विचारतो? बापाच्या बगलेतून मान काढून पोरं बघत होती. मग गल्लीत खेळ सुरू झाला. एकानं बिजलू व्हायचं, बाकीच्यांनी किंचाळत पळायचं. पोरं संडासला एकटी जाईनात.

एका सकाळी गाडी भरली आणि बिजलूनं रोजच्यासारखं विचारलं, "सब आ गए?"

कुणीच बोललं नाही.

मी हातातलं सूप खाली ठेवून बघायला लागले. त्याला वाटलं, पोरं मस्करी करतायत. तो हसला आणि पुन्हा म्हणाला. आतून एक पोरगं रडायला लागलं. बजरंगची वैष्णवी, पहिलीतली, ती उडी मारून खाली आली आणि माझ्या दारातल्या खांबाला मिठी मारून बसली. "ह्या मामाच्या गाडीत न्हाई जायचं, ह्याचे डोळे लाल हुतेत." बजरंग हसत होता. त्यानं तिला उचलून आत बसवलं. बिजलू मात्र पडद्याची दोरी हातात धरून तसाच उभा होता आणि मला पहिल्यांदा त्याचा चेहरा कसनुसा दिसला.

दुपारी पोरं सोडून तो गिरणीत आला. "वैनी, काय दावलंय वो त्याच्यात? मला दावा."

मी त्याला मोबाइलवर तो शेवटचा भाग लावून दिला. पोत्यावर ताठ पाय पसरून तो बघत होता. दार बंद झालं, डोळे लाल झाले, आवाज आले. संपल्यावर त्यानं मोबाइल खाली ठेवला नाही.

"ह्यो बिजलू हाय?"

"नवा आहे. जुना असा नव्हता," मी म्हणाले. "तुम्हाला आठवत असेल की."

"मला कसा आठवंल? म्या पयल्यांदाच बघायलोय त्याला."

मला कळलंच नाही. मग तो म्हणाला, "म्या तर वर हुतो, वैनी. छपरावर. खालून फकस्त आवाज यायचा. त्या आवाजावरच शिकलो म्या बोलायला." आणि थोडं थांबून, "पयल्यातला कसा हुता वो? हसायचा का लेकरांकडं बघून?"

मी म्हणाले, हसता यायचं नाही त्याला, तोंडाच्या जागी जाळी होती. पण लेकरांना जवळ घ्यायचा. तो मान हलवत राहिला. ज्या नावानं सारा जन्म काढला त्याचं तोंड त्यानं असं पहिल्यांदा बघितलं, लाल डोळ्यांचं. मला फार वाईट वाटलं.

"लेकरं भ्यायली त्यात त्यांचं काय चुकलं," उठता उठता तो म्हणाला. "म्याबी भ्यालो."

दुसऱ्या दिवसापासून त्यानं ते वाक्य बंद केलं. थिनर आणून मागच्या पत्र्यावरचं चित्र पुसायला गेला, तर रंग अर्धवट निघाला. चांदीचा ओघळ राहिला आणि त्यात यंत्रमानवाचा एकच डोळा. आधीपेक्षा भेसूर दिसायला लागलं. दोन-तीन घरांनी पोरं काढून दुसऱ्या गाडीत घातली. तोंडावर कुणी काही बोललं नाही. टायमिंग जमत नाही, म्हणाले. मी ओळखून आहे सगळ्यांना. वस्तीतल्या माणसाच्या गाडीत आपलं लेकरू बसतं हे ज्यांना आतून टोचत होतं, त्यांची मालिकेनं सोय केली. आजारी पडायचंच होतं, पावसाचं निमित्त झालं.

त्यात व्हॉट्सॲपवर नवीनच सुरू झालं. पोरं पळवणारी टोळी फिरतेय, पडदे लावलेल्या गाड्या तपासा, हा मेसेज दहा जणांना पाठवा. कुठला कोण जाणे व्हिडिओ, त्यातली भाषाही आपली नाही. पण ज्यानं त्यानं पुढं ढकलला. भामाबाई दळण टाकताना माझ्याजवळ हळूच म्हणाली, "त्यायला जेवण जाईना गेलंय, ताई. गाडी दारात येस्तोवर माझा जीव थाऱ्यावर नसतो." मी तिला म्हणाले, आपलं गाव आहे, आपल्या माणसाला कोण काय करतंय. हे बोलताना मलाच माझा आवाज पोकळ वाटला.

त्या दुपारी काय झालं ते मी नंतर सगळ्यांकडून ऐकून जोडलेलं आहे. नेहमीच्या रस्त्याचं सिमेंटचं काम चाललेलं, म्हणून गाड्या आडरस्त्यानं वळवलेल्या. त्या रस्त्यावर बिजलूला ओळखणारं कुणी नाही. समोरून डंपर गेला आणि धुळीचा असा लोट आला की पुढचं दिसेना. पोरं खोकायला लागली. त्यानं गाडी बाजूला घेतली, मागं गेला आणि पडदे खाली सोडले. इतक्या वर्षांची जिभेची सवय. पडदा सोडता सोडता तोंडातून निघून गेलं, "दरवाजा बंद."

आत एकदम अंधार आणि ते वाक्य. वैष्णवी किंचाळली. ती किंचाळली म्हणून बाकीची किंचाळली. त्यानं घाबरून गाडी चालू केली, पटकन गाव गाठावं म्हणून. पुढं फाटा होता. फाट्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, त्या गावात माझीही सोयरीक आहे. तिथं हॉटेलात, पंक्चरच्या दुकानात माणसं बसलेली. त्यांना काय दिसलं? पडदे लावलेली गाडी, आत पोरांचा आक्रोश, गाडीवाला सुसाट. दोन मोटारसायकली आडव्या घातल्या.

नेमके त्याच वेळी सुंदरराव आबा माझ्या गिरणीत गव्हाची वाट बघत बसले होते. त्यांचा फोन वाजला. आबांना कमी ऐकू येतं, त्यामुळं त्यांचा फोन सगळ्या स्टँडला ऐकू जातो.

"वैष्णवीचे आजोबा का? आयकार्डावर तुमचा नंबर हाय. ह्या गाडीवाल्याचं लायसन बघितलं आमी. आश्रुबा तुळशीराम सरवदे. वळखता का ह्याला?"

"कोण?"

"आश्रुबा सरवदे!"

आबांनी कपाळाला आठ्या घातल्या. नाटक नव्हतं ते, खरंच आठवत होते. "न्हाई बुवा. आसा कुणी न्हाई आमच्यात. आमचं लेकरू बिजलूच्या गाडीत जातं."

"बिजलूच्या?" पलीकडून कुणीतरी मोठ्यानं हसलं. "आबा, मोबाइल कमी बघा." आणि मग तोच आवाज फोन बाजूला धरून ओरडला, "न्हाई वळखत म्हंतेत रं! घ्या त्याला खाली!"

पुढं जे ऐकू आलं ते मी कधी विसरणार नाही. आधी काहीतरी आपटल्याचा आवाज, मग पोरांच्या किंकाळ्या. आणि फोन बंद.

"आबा, आश्रुबा म्हणजे बिजलू!" मी ओरडले. आबा माझ्याकडं बघतच राहिले. "बिजलूचं नाव आश्रुबा हाय? तुला कोणी सांगितलं?" ज्यांनी भर अंगणात त्याचं बारसं केलं, त्यांनी मला हे विचारलं. मी फोन हिसकावून उलटा लावला. रिंग जात होती. कुणी उचलत नव्हतं. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

बजरंग शेजारच्या पानपट्टीवर होता. त्याच्या मोटारसायकलवर मी मागं बसले, गिरणी तशीच उघडी टाकून. आबा मागं राहून पुन्हा पुन्हा फोन लावत होते. रस्ता संपत नव्हता. अर्ध्या वाटेवर बजरंगनं मान मागं वळवून विचारलं, "काकू, तुमाला नक्की म्हाईत हाय ना? आश्रुबा म्हंजी बिजलूच ना?" माझ्या लक्षात आलं, त्याची भीती माझ्याहून वेगळी आहे. मला वाटत होतं, बिजलूला मारून टाकतील. त्याला वाटत होतं, माझी पोरगी खरंच कुणा अनोळखी माणसाच्या हातात आहे. मी म्हणाले, "नक्की." आणि माझ्याजवळ पुरावा काय होता? भामाबाईचा उखाणा.

फाट्यावर शंभरभर माणसं असतील. मोबाइल वर करून शूटिंग चाललेलं. गाडीची काच फुटलेली. रस्त्यावर एक चप्पल पडली होती, डाव्या पायाची, एका बाजूनं झिजलेली. ती चप्पल मी ओळखते.

गाडीचे पडदे खाली होते. पडद्याला पाठ लावून एक म्हातारी उभी होती. हॉटेलवाली, दगडाबाई नाव तिचं, हे नंतर कळलं. तिच्या हातात झारा होता आणि ती गर्दीला म्हणत होती, "पोलीस येस्तोवर एकानंबी हात लावायचा न्हाई. मेला तर कोण जाणार जेलात, तुजा बाप?" तिनंच त्याला लोकांच्या हातून ओढून पोरांमध्ये आत ढकललं होतं. पोरं असलेल्या गाडीवर कोणी दगड घालणार नाही, एवढंच तिला सुचलं.

बजरंग गर्दीतून घुसला. "माजी पोरगी हाय आत! ह्यो आमचा माणूस हाय!" तो पडदा उघडायला गेला, तर पडदा उघडेना. आतून कुणीतरी धरून ठेवला होता.

"वैष्णवी, उघड, पप्पा हाय."

आतून फक्त हुंदके. मी वाकून फटीतून बघितलं. वैष्णवीनं पडद्याचा पट्टा दोन्ही हातांनी आवळून छातीशी धरला होता. तिचे डोळे बाहेरच्या गर्दीकडं होते. बाकीची पोरं बिजलूच्या अंगाला बिलगलेली आणि तो मध्ये खाली बसलेला, सदरा फाटलेला, नाकातून रक्त. ताठ पाय वाकत नव्हता, तो तसाच पोरांच्या मांडीवरून आडवा पडला होता. परवापर्यंत त्याच्या नावानं रडणारी ती पोरं आता त्याला सोडायला तयार नव्हती.

"उघड, बाई," तोच तिला म्हणाला. "तुजा बाप हाय."

तेव्हा तिनं पट्टा सोडला.

पुढचं नेहमीचंच. बजरंगनं ओळख पटवली तशी गर्दी ढिली पडली. चूक झाली. दिवसच वाईट आहेत. लेकरांसाठीच केलं ना आम्ही. एकानं बिजलूला पाणी दिलं, बहुतेक त्यानंच आधी मारलं असणार. फोनवर बोललेला तरुण माझ्यासमोर आला. "काकू, आमी रीतसर इचारलं हुतं. त्यांच्याच गावचा माणूस म्हनला, वळखत न्हाई." मी रस्त्यावरची ती चप्पल उचलली आणि गाडीकडं वळले. परत येताना मोटारसायकल दगडाबाईच्या हॉटेलापाशी ठेवून गाडी बजरंगनं चालवली. बिजलू आणि मी मागं पोरांत बसलो. पडदे खालीच होते, कारण वैष्णवी ते वर करू देईना.

बरेच दिवस गाडी घराजवळच उभी राहिली. गावात मालिकेवरची चर्चा बंद झाली. बजरंगनं स्टेटस काढलं. आबा गिरणीत यायचे आणि पीठ घेऊन न बसता जायचे. त्यांना मुद्दाम काही बोलावं असं मला फार वाटायचं, पण त्यांच्याकडं बघून बोलवेना.

मग एका सकाळी गाडी स्टँडवर आली. काच नवी होती. मागचा पत्रा नुसता पांढरा होता, त्यावर काही लिहिलेलं नव्हतं. पोरांना घेऊन आई-बाप उभे होते. वैष्णवीचा हात धरून आबाच आले होते. ते तिला गाडीत चढवायला गेले, तर त्यानं आपला हात बाकड्यावर आडवा ठेवला.

"आबा, आधी माझं नाव सांगा."

आबा गोंधळले. "आरं, काय हे बिजलू..."

"तसं न्हाई. खरं." त्याचा आवाज चढलेला नव्हता. रागाला माणूस उत्तर देतो, हा काही राग नव्हता. "परत कुणी रस्त्यात धरलं आन् तुमाला फोन आला, तर काय सांगसाल? सगळ्यायनी सांगा. पाठ झाल्याबिगर म्या एकाचंबी लेकरू न्हेणार न्हाई. मला भ्या वाटतंय, आबा."

आबांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली.

"आश्रुबा," आबा म्हणाले. मग अडकले. वडिलांचं नाव आठवेना त्यांना.

"तुळशीराम," खालून वैष्णवी म्हणाली. तिनं फाट्यावर ते लायसन वाचणाऱ्या माणसाच्या तोंडून ऐकलेलं होतं.

"आश्रुबा तुळशीराम सरवदे," आबांनी म्हटलं. नातीचा हात त्याच्या हातात दिला आणि मान खाली घालून तिथंच उभे राहिले. मग एकेकजण पुढं आला, नाव म्हणाला आणि लेकरू आत बसवलं. बजरंगसुद्धा म्हणाला. मीही म्हणाले, माझं कुणी गाडीत जाणारं नसताना. भामाबाई माझ्या गिरणीच्या दारात उभी होती. तिनं पदर तोंडात धरला होता आणि ती मोठमोठ्यानं रडत होती. इतकी वर्षं तो एकच उखाणा घेऊन बसली होती बिचारी.

गाडी भरली. तो मागं येऊन उभा राहिला. सवयीनं पोरांनी त्याच्या तोंडाकडं बघितलं. तो काही बोलला नाही.

"मामा, पडदा?" वैष्णवीनं विचारलं. तिला तो लावून हवा होता. फाट्यापासून तिची भीती बाहेर बसली होती. बाहेरची माणसं, मोबाइल, मोटारसायकली.

त्यानं दोन्ही पडदे वर गुंडाळले आणि सुतळीनं गच्च बांधून टाकले. "न्हाई बाई. उघडंच राहू दे. आत कोण कोण हाय ते सगळ्यायला दिसू दे."

तेव्हापासून गाडी तशीच उघडी जाते. नेहमीच्या रस्त्याचं काम अजून संपलेलं नाही, आडरस्त्यानंच जावं लागतं. दुपारी पोरं उतरतात तेव्हा त्यांच्या केसांत, पापण्यांवर, दप्तरांत धूळ असते. आया पदरानं त्यांची तोंडं पुसतात आणि रस्त्याला शिव्या देतात. पडदा खाली घ्या, असं मात्र त्याला कुणी म्हणत नाही.